शिंदळ माकुडीचा पत्ता

जुन्नरला जाणारे बहुतेक लोक शिवनेरी पाहतात, वेळ उरला तर लेणी पाहतात आणि अंधार पडण्यापूर्वी परतीच्या वाटेला लागतात. व्यापाराच्या इतिहासाची ज्यांना गोडी आहे, ते पश्चिमेकडे नाणेघाटापर्यंत जातात. तेथे घाटाच्या माथ्याशी एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकली जात, असे पिढ्यान्पिढ्या सांगितले जाते. कोकणातील बंदरांत उतरलेला माल सातवाहनांच्या काळात याच वाटेने घाटावर चढत असे आणि जुन्नर ही त्या मार्गावरची मोठी पेठ होती. या परिसराला आणखी एक जुना रहिवासी आहे. सातवाहनांहून, लेण्यांहून, किल्ल्याहूनही जुना. त्याच्या भेटीसाठी जुन्नरला आलेला माणूस मात्र क्वचितच आढळतो.

हा रहिवासी म्हणजे एक लहानशी रानवनस्पती. शिंदळ माकुडी हे तिचे गावरान नाव. नागर कानांना ते जरा खटकते, पण रानातली नावे कोणाला विचारून ठेवलेली नसतात. शास्त्रज्ञांनी तिला फ्रेरिया इंडिका असे भारदस्त नाव दिले. मुंबई इलाख्याच्या वनखात्यातील अधिकारी आणि वनस्पतितज्ज्ञ निकोल डाल्झेल यांना ती जुन्नरच्या परिसरात सापडली आणि १८६५ च्या सुमारास त्यांनी तिचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या वेळी मुंबईचे गव्हर्नर होते सर बार्टल फ्रेयर; त्यांच्या सन्मानार्थ हे नामकरण झाले. हेच ते दिवस, जेव्हा अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या बाजारात कापसाचे सोने होत होते आणि प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर समभागांचे भाव चढत-उतरत होते. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, मोठमोठ्या पेढ्या बसल्या. त्याच वर्षांत जुन्नरच्या एका कड्यावरची ही ओंजळभर वनस्पती गव्हर्नरसाहेबांचे नाव घेऊन शास्त्राच्या खातेवहीत दाखल झाली. अलीकडे अभ्यासकांनी तिला दुसऱ्या प्रजातीत बसवून बौसेरोसिया असे नवे नाव दिले आहे. जुन्या नावाची सवय मात्र सुटत नाही.

ती आहे रुईच्या कुळातली. बोटाएवढे जाड, मांसल, पाणी साठवणारे खोड कड्यावरून खाली लोंबते. तिचे जवळचे भाऊबंद जवळजवळ पर्णहीन असतात; कोरड्या प्रदेशात पाने ठेवणे म्हणजे पाणी उधळणे, म्हणून त्यांनी पानांचा संसारच मोडीत काढला. शिंदळ माकुडीने तो मोडला नाही. पावसाळ्यात तिला व्यवस्थित हिरवी पाने येतात आणि उन्हाळा चढला की ती झडून जातात. तिच्या कुळाचा अभ्यास करणाऱ्यांना तिचे मोठे अप्रूप आहे ते यासाठी. फूल पाच पाकळ्यांच्या ताऱ्यासारखे, गडद तांबडे, त्यावर पिवळे डाग, जेमतेम दोन सेंटिमीटर रुंद. सुगंधाची अपेक्षा ठेवू नये. हे फूल माश्यांना बोलावते आणि त्यांना आवडेल असाच वास धरते. शेंगा फुटल्या की रुईच्या म्हातारीसारखे केसाळ बी वाऱ्यावर निघते.

पर्युषण आटोपून पंधरवडा झाला होता. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक परिचित गृहस्थ बरोबर होते. आम्ही सारे त्यांना सरच म्हणतो. शिवनेरीच्या पायऱ्या ओल्या होत्या आणि गडाचे दरवाजे एकामागून एक मागे पडत होते. एका ठिकाणी सर थांबले, कठड्यापासून हातभर अंतरावर उभे राहिले आणि दुर्बीण माझ्या हाती देत म्हणाले, "वर नका पाहू. समोरच्या कड्यात जी आडवी भेग आहे, तिच्या खाली पाहा." काळ्या बेसॉल्टच्या उभ्या भिंतीत वीतभर रुंदीची एक पायरी होती. तिच्यावर मूठभर माती, काटेरी निवडुंगाचा एक झुबका, आणि त्या झुबक्याच्या आडोशाने खाली उतरलेल्या चार-पाच हिरव्या फांद्या. दोन फुलेही दिसली, की दिसल्यासारखी वाटली. एवढ्या लांबून खात्रीने सांगता येत नव्हते. "एवढेच?" असे माझ्या तोंडून निघून गेले. "एवढेच," सर म्हणाले, "आणि एवढेसुद्धा फार थोड्या जागी आहे."

ती जेथे आढळल्याच्या नोंदी आहेत ती ठिकाणे हाताच्या बोटांवर मोजता येतात: जुन्नर-शिवनेरी, पुरंदर आणि त्याच्या जोडीचा वज्रगड, साताऱ्याजवळचा सज्जनगड, महाबळेश्वरचे कडे, प्रवरेवरचा रंधा धबधबा, आणि अशीच काही. महाराष्ट्राबाहेर ती रानात नाही. म्हणजे जगात अन्यत्र नाही. १९८० च्या दशकात आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने जगातील अत्यंत धोक्यात असलेल्या बारा वनस्पतींची यादी केली, तीत शिंदळ माकुडीचा समावेश होता.

येथे एक विचित्र गोष्ट सांगितली पाहिजे. ही वनस्पती वाढवायला मुळीच अवघड नाही. फांदी तोडून वाळूमिश्रित मातीत खोचली की ती जगते. मांसल वनस्पतींचा छंद असणाऱ्यांच्या परदेशातील काचघरांत ती कुंड्यांतून सुखाने नांदते आहे आणि प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाने तिची रोपे तयार करता येतात. मालाचा तुटवडा नाहीच. तुटवडा आहे तो दुकानाच्या जागेचा. कुंडीतील हजार रोपे रानातील एका कड्याची जागा घेत नाहीत, कारण रोपाला फूल आले तरी परागीभवन करणारी माशी, बी वाहून नेणारा वारा आणि ते बी अडकेल अशी दुसरी भेग कुंडीच्या आसपास नसते. रोप परत रानात न्यायचे तर कोठे न्यायचे, हा खरा प्रश्न आहे. नकाशाची गरज लागते ती इथे.

असा नकाशा तयार करण्याची रीत व्यापारी घरांना समजायला कठीण नाही. नवी शाखा काढताना आपण काय पाहतो? सध्याची दुकाने कोणत्या वस्तीत, कोणत्या रस्त्याला, कोणत्या गिऱ्हाइकावर चालतात याचा अंदाज घेतो आणि तशाच वस्तीच्या शोधात निघतो. शास्त्रज्ञ हेच करतात. वनस्पती जेथे प्रत्यक्ष सापडली त्या ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे. त्या जागी पाऊस किती, कोणत्या महिन्यात, उन्हाळ्यातील तापमान किती, उंची किती, उतार किती, याची आकडेवारी त्यावर चढवायची. आणि संगणकाला विचारायचे की याच प्रकारची जागा आणखी कोठे आहे. मॅक्सेंट ही यासाठी सर्वांत जास्त वापरली जाणारी संगणकप्रणाली. स्टीव्हन फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये लिहिलेल्या शोधनिबंधामुळे ती सर्वत्र पोहोचली. नोंदी थोड्या असल्या आणि ‘येथे नाही’ अशी खात्रीची माहिती नसली तरी ती काम देते, हा तिचा मोठा गुण. दुर्मीळ वनस्पतींच्या बाबतीत नोंदी थोड्याच असतात. मेघालयात इलेक्स खासियाना नावाच्या अतिदुर्मीळ वृक्षासाठी शिलाँगच्या नॉर्थ-ईस्टर्न हिल युनिव्हर्सिटीतील संशोधकांनी २०१२ मध्ये हाच मार्ग धरला आणि तो वृक्ष पुन्हा लावण्याजोगे प्रदेश नकाशावर दाखवून दिले.

तरीही शिवनेरीच्या पायऱ्यांवर उभे राहून विचार केला की या नकाशाच्या अडचणी चटकन ध्यानात येतात. पाऊस-तापमानाची नेहमी वापरली जाणारी आकडेवारी साधारण एक चौरस किलोमीटरच्या चौकटीत मिळते. आमच्या डोळ्यांसमोरच्या तेवढ्या चौकटीत जुन्नरची घरे होती, पायथ्याची शेते होती, झाडीचा उतार होता, उभा कडा होता आणि वरचे सपाट मैदानही होते. या सर्वांची सरासरी काढली तर जे उरते त्यात शिंदळ माकुडी राहत नाही. अंतराळयानातून २००० साली मोजलेल्या उंचीच्या आकड्यांत तीस मीटरपर्यंतचा बारकावा मिळतो आणि त्यावरून उतार काढता येतो, पण उभी भिंत आकाशातून पाहिली की केवळ एक रेघ दिसते. वीतभर पायरी कोणत्याच आकड्यात येत नाही.

पावसाची गोष्ट तर अधिकच मजेची आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो; जुन्नर आणि पुरंदर हे त्या मानाने कोरडेच. एकच वनस्पती दोन्हीकडे कशी? सरांचे म्हणणे असे की कड्याला पावसाचा हिशेब लागू होत नाही. आभाळातून कितीही पडो, उभ्या खडकावरचे पाणी क्षणात वाहून जाते आणि भेगेतील मूठभर मातीत मुरेल तेवढेच रोपाच्या वाट्याला येते. मोठी आवक आणि तितकीच मोठी जावक असलेल्या दुकानात शेवटी शिल्लक किती, हेच पाहायचे. पर्जन्यमानाच्या आकड्यावर भिस्त ठेवणारा नकाशा इथे फसतो.

आणखी एक शंका मला उतरताना आली आणि ती मी सरांना बोलून दाखवली. शिवनेरी, पुरंदर, वज्रगड, सज्जनगड हे सारे किल्लेच आहेत. या वनस्पतीला किल्ल्यांचे प्रेम आहे, की वनस्पती शोधणाऱ्या माणसांना पायऱ्यांचे? सर हसले. गडावर जायला वाट असते, मुक्कामाची सोय असते, म्हणून अभ्यासक गडावर जातात आणि नोंदी गडांच्या होतात. मधल्या शेकडो निनावी कड्यांवर कोणी चढतच नाही. संगणकाला दिलेल्या नोंदींतच हा झुकाव असला तर उत्तरातही तो येणार. हिशेबनीस अशा वेळी कच्च्या वहीचा आग्रह धरतो. इथे कच्ची वही म्हणजे दोर लावून उतरणारे गिर्यारोहक, दुर्बीण घेऊन बसणारे विद्यार्थी आणि शेळ्यांमागे सगळे डोंगर पालथे घालणारे गुराखी. ही माकुडी खाल्ली जाते, त्यामुळे जुन्या माणसांना ती ओळखीची असते. नकाशाने शंभर डोंगरांतून दहा निवडून द्यावेत. पुढचे काम पायांचे आहे.

या साऱ्यातून माझ्या मनाशी एक गोष्ट पक्की झाली आणि आपल्या घरांशी तिचा थेट संबंध आहे. आपल्याकडे आजोबांच्या स्मृतीला, लग्नाच्या पन्नासाव्या वर्षाला, दुकानाच्या शताब्दीला डोंगरावर झाडे लावण्याची चांगली प्रथा पडली आहे. बोडका डोंगर दिसला की तो ओसाड आहे आणि हिरवा करायला हवा, असे आपण गृहीत धरतो. पण सह्याद्रीतील उघडा कातळ हा ओसाडपणा नव्हे. उन्हात तापणारा, पावसात न्हाणारा तो खडक हेच शिंदळ माकुडीसारख्या वनस्पतींचे घर. कड्याच्या कडेला गिरिपुष्पासारखी भराभर वाढणारी झाडे लावली की सावली पडते, पाचोळा साचतो, गवत माजते, आणि उन्हाळ्यात वणव्याला सरपण मिळते. शेळ्यांनी खाल्लेले रोप मुळापासून पुन्हा फुटू शकते. जागाच बदलली तर फुटायला ठिकाण राहत नाही. देणगी देणाऱ्याने रोपांची संख्या विचारण्याआधी जागा विचारावी आणि त्या जागी आज काय उगवते आहे हे जाणकाराला दाखवून घ्यावे. उपयुक्त अधिवासाचा नकाशा हाताशी असेल तर ‘येथे काहीही लावू नका’ असे सांगण्याचा आधार तरी मिळेल, आणि अशा ठिकाणी पैसे खर्चायचेच तर ते वणवा रोखण्यासाठी जाळपट्ट्या काढायला किंवा राखणदाराच्या पगाराला द्यावेत. त्यावर नावाची पाटी लागत नाही, हे खरे.

नेमका कडा मी लिहिलेला नाही, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. दुर्मीळ वनस्पतींना चोरबाजारातही भाव असतो आणि बारीक पत्ता देणारा नकाशा चोरालाही तितकाच उपयोगी पडतो. म्हणून जाणते अभ्यासक ढोबळ नकाशा छापतात आणि अचूक नोंदी वनखात्याच्या स्वाधीन करतात. फूल पाहायचेच असेल तर पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागाचे कार्यालय आहे. अशा संस्थांनी ही वनस्पती जतन करून वाढवली आहे.

परतताना सरांच्या घरी चहा झाला. मागच्या गच्चीत आठ-दहा कुंड्या होत्या. एकीला फूल होते आणि दोन माश्या त्यावर बसल्या होत्या. प्रत्येक कुंडीला पत्र्याची लहान चिठ्ठी तारेने बांधलेली, तीवर रंगाने एकेका संस्थेचे नाव आणि त्याखाली मूळ किल्ल्याचे नाव लिहिलेले. सारी रोपे संस्थांकडून रीतसर मिळालेली. दोन कुंड्या शेजारी ठेवायला मी हात घातला तेव्हा सर घाईने म्हणाले, "राहू द्या, सज्जनगड आणि शिवनेरी वेगळे ठेवलेत." एकाच रोपाच्या छाटण्यांपासून केलेली पन्नास रोपे म्हणजे एकच रोप पन्नास कुंड्यांत, असे त्यांचे म्हणणे, म्हणून निरनिराळ्या मूळ रोपांचा माग ठेवायचा, आणि परत नेण्याची वेळ आली तर शिवनेरीची फांदी शिवनेरीच्याच बाजूच्या कड्यावर जायला हवी. एका कुंडीवरची चिठ्ठी पावसाने पुसट झाली होती. सरांनी चष्मा लावला, वही काढून तिच्यातील नोंद ताडून पाहिली आणि ते नाव पुन्हा गिरवले.