रिळावरची सनावळी

माळा आवरताना आजोबांचं मासेमारीचं जुनं रीळ हाती लागलं, तर कृपा करून त्याला ब्रासो लावू नका. चिंचेने तर मुळीच घासू नका. पवईच्या तलावावर गळ टाकून बसणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगत आलो आहे. पितळेवरचा ठसा फार उथळ असतो. चार-दोन दिवाळ्यांच्या साफसफाईत तो सपाट होतो, आणि एकदा गेला की रिळाचं वय सांगणारा साक्षीदारच गेला. कोमट साबणपाणी, दात घासायचा मऊ ब्रश आणि हिरवट कळंकासाठी बांबूची काडी, एवढं पुरतं.

मग खोलीतला दिवा मालवायचा आणि टॉर्च अगदी आडवी, रिळाच्या पत्र्याला जवळजवळ टेकवून धरायची. समोरच्या उजेडात कोऱ्या वाटणाऱ्या जागेवर अक्षरं उठू लागतात, एका कडेला सावली, दुसऱ्या कडेला चमक. घाटकोपरच्या एका कुटुंबाने दिलेलं साडेतीन इंची पितळी रीळ सध्या माझ्या टेबलावर आहे. त्यावर असंच उमटलं : 'ए अँड एन, सी. एस. एल.' म्हणजे आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटी लिमिटेड. ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी १८७१ मध्ये लंडनला काढलेलं हे भांडार. १८९१ मध्ये त्याची मुंबईत शाखा निघाली. काळा घोड्याजवळची त्यांची इमारत आजही उभी आहे. पवईचा तलावही बांधून झाला तो त्याच सुमारास. पिण्यासाठी म्हणून अडवलेलं ते पाणी पिण्याच्या कामी फारसं आलं नाही, पण रोहू-कटल्याला मानवलं आणि गळवाल्यांची सोय झाली.

आता वय. या भांडाराने १९३४ मध्ये नाव बदललं, 'सोसायटी' जाऊन 'स्टोअर्स' आलं. तेव्हा 'सी. एस. एल.'चा ठसा त्याच्या आधीचा, हे एक टोक मिळालं. दुसरं टोक मागच्या पत्र्यावर सापडलं. तिथे एकने सुरू होणारा सहा आकडी पेटंट नंबर आहे. ब्रिटनमध्ये १९१५ पर्यंत दर वर्षी पेटंटचे आकडे पुन्हा एकपासून सुरू होत. १९१६ पासून १,००,००१ या आकड्याने सलग मोजणी सुरू झाली. म्हणून इंग्लिश रिळावर सहा आकडी पेटंट नंबर दिसला की ते १९१६ च्या आधीचं असूच शकत नाही. १८७१ ते १९३४ ही त्रेसष्ट वर्षांची फट अठरा वर्षांवर आली. यापेक्षा पुढे मी जात नाही. पेटंटचा नंबर 'या आधी नाही' एवढंच सांगतो. साचा तयार असला की कारखाने तोच ठसा वर्षानुवर्षं मारत राहतात.

काही कारखान्यांनी मात्र साल स्वतःच लिहून ठेवलं आहे, फक्त वाचता यायला हवं. अमेरिकेतल्या कॅलमाझूच्या शेक्सपिअर कंपनीच्या जुन्या रिळांवर 'मॉडेल' शब्दापुढे दोन रोमन अक्षरं असतात. ही अक्षरं म्हणजे उलटी अंकमाला : 'के' म्हणजे शून्य, 'जे' एक, 'एच' दोन, 'जी' तीन, 'एफ' चार, 'ई' पाच, असं करत 'ए' म्हणजे नऊ. 'जी ई' असेल तर १९३५, 'एफ के' असेल तर १९४०. त्याच पत्र्यावर १९६४ सारखा आकडाही असतो आणि पाहणारा तेच साल धरून बसतो. तो नुसता मॉडेलचा नंबर आहे. स्वीडनच्या आबू कंपनीने १९७० च्या दशकात याहून सरळ वाट धरली. त्या काळापासूनचं अँबॅसडर रीळ रॉडवरून सोडवून उलटं करा. रॉडला टेकणाऱ्या पट्टीवर सहा आकडे दिसतील. पहिले दोन वर्षाचे, पुढचे दोन महिन्याचे. ७५०३ ने सुरुवात असेल, तर मार्च १९७५.

देशाचं नावही कामाला येतं. 'ऑक्युपाइड जपान' असेल, तर महायुद्ध संपल्यापासून १९५२ पर्यंतचा काळ. डॅम कंपनीच्या 'क्विक' रिळावर 'वेस्ट जर्मनी' असेल, तर १९४९ ते १९९० मधलं.

पण मुंबईतलं रीळ नुसत्या परदेशी ठशांवर वाचता येत नाही, आणि मला खरी गोडी लागली ती इथेच. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची चणचण आली, चैनीच्या मालाची आयात आवळली गेली, सुटे भाग मिळेनात. मग मोडलेली मूठ, झिजलेला खटका, तुटलेलं दातेरी चाक हे सगळं लेथवाल्याकडे जाऊ लागलं. साकीनाक्याच्या गाळ्यांत हे काम कुठलाही ठसा न मारता झालं आहे. घाटकोपरच्या या रिळाची मूळ मूठ गेलेली आहे. आताची काळ्या फायबरची, सुरेख कातलेली. तिचा स्क्रू काढून मी आटे मोजले, तर ते मिलिमीटरच्या मापात बसले. मूळ रिळाचे बाकी सगळे स्क्रू ब्रिटिश मापाचे. आपल्याकडे मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ चा, बाजारात ती रुळायला पुढची काही वर्षं गेली. तेव्हा मूठ बहुधा १९६० नंतरची. संग्राहक अशा मुठीला 'बनावट' म्हणून रिळाची किंमत पाडतात. मला ते मान्य नाही. ज्याने एवढ्या काटेकोरपणे ती बसवली, त्याच्यामुळेच हे रीळ भंगारात गेलं नाही.

म्हणून चिठ्ठीवर मी दोन्ही लिहिलं : 'रीळ १९१६ ते १९३४, इंग्लंड. मूठ बहुधा १९६० नंतरची, मुंबई.'

त्या घरातल्या मुलीला हे रीळ पवईवर वापरायचं आहे. जरूर वापरावं. मशीनचं पातळ तेल आसाला थेंबभर, आणि आधी ड्रमवर सुती दोऱ्याचा जाड थर. नायलॉन थेट गुंडाळू नये. मोठा मासा ओढताना ते ताणलेलंच गुंडाळलं जातं, मग आवळत जाऊन ड्रमच्या कडा फाकवतं, आणि फाकलेला जुना पितळी ड्रम पुन्हा सरळ करणं चांगल्या लेथवाल्यालाही जड जातं.