तीन लाख किलोमीटर चाललेली गाडी

मागच्या महिन्यात एका रविवारी विहारातून वंदना आटोपून बाहेर पडलो, तोच वस्तीतल्या एका तरुणाने आम्हांस थांबवले. "भाऊ, जयभीम. एक गाडी पाहिली जी. दहा वर्षांची आहे, पण पासष्ट हजारच चालली. दलाल म्हणते, आज टोकन नाही दिलं तर उद्या जाईल." मुलगा बुटीबोरीच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला आहे. वडिलांना अर्धांगवायू झालेला, दर पंधरवड्याला त्यांना नागपूरला न्यावे लागते. त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. गाडी धुतलेली, चकचकीत. "आधी कुठे लागली होती?" आम्ही विचारले. "कंपनीच्या शिफ्टला होती म्हणते."

आम्ही पेशाने कारकून, शिक्षण बी. कॉम. आकडा दिसला की त्याचा ताळा करून पाहावा, ही जुनी सवय. तिथेच विहाराच्या पायरीवर बसून हिशेब मांडला. बुटीबोरी ते नागपूर सुमारे ३० किलोमीटर. एक फेरी जाऊन-येऊन ६०. शिफ्टच्या गाडीने दिवसाला दोनच फेऱ्या मारल्या तरी १२० किलोमीटर. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ३६ हजार. दहा वर्षांचे झाले साडेतीन लाखांच्या वर. आणि मीटर म्हणतो ६५ हजार! म्हणजे ही गाडी दिवसाला अठरा किलोमीटर चालली. एवढ्यात ती नागपूरला पोचतसुद्धा नाही.

त्या मुलाला टोकन देऊ दिले नाही. त्याऐवजी आमची स्वतःची हकीगत सांगितली. आज आपल्या वस्त्या-वस्त्यांतून पहिली गाडी घेणारी अनेक कुटुंबे आहेत. ती बहुधा जुनीच गाडी घेतात. म्हणून तीच हकीगत येथे लिहीत आहोत.

२०१६ सालची गोष्ट. आमच्या आईला दम्याचा त्रास. रात्री-अपरात्री श्वास कोंडला की शेजाऱ्यांच्या दारात जाऊन गाडीसाठी विनवणी करावी लागे. शेजारी चांगले, कधी नाही म्हणाले नाहीत. पण मागणाऱ्याची मान खाली जातेच. शेवटी पतसंस्थेतून ७० हजारांचे कर्ज काढले, मुलांच्या आईने बचत गटातले जमवलेले घातले आणि १ लाख १५ हजारांना एक लहान पांढरी गाडी आणली. मीटरवर आकडा होता ६१ हजार. त्या आकड्यावरच आम्ही भाळलो. कमी चाललेली गाडी म्हणजे चांगली गाडी, एवढेच आमचे ज्ञान. पैसे रोख मोजले. पावती म्हणून वहीच्या कागदावर दोन ओळी मिळाल्या.

पाच महिन्यांनी, पावसाळ्याच्या एका रात्री, आईला नागपूरच्या मेडिकलला घेऊन निघालो. जामठ्याच्या अलीकडे गाडीने निळा धूर ओकला, खडखडली आणि बंद पडली. मागच्या सीटवर आईचा श्वास लागलेला, मुलांची आई तिची पाठ चोळत बसलेली, बाहेर धो-धो पाऊस. हात दाखवला तर ट्रक थांबेनात. वीस मिनिटांनी शिफ्टच्या माणसांना सोडून परतणारी एक गाडी थांबली. चालक पन्नाशीचा. त्याने काही विचारले नाही. "मायले माया गाडीत बसवा, बाकीचं मागून पाहू," एवढेच बोलला. आई वेळेवर पोचली, वाचली. त्या माणसाने भाड्याचा एक पैसा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने बॉनेट उघडले आणि आतल्या बाजूला चिकटवलेला, तेलाने काळा पडलेला एक कागद दाखवला. ऑइल बदलल्याची नोंद होती : १,८७,००० किलोमीटर. आमच्या मीटरवर तेव्हा ६६ हजार होते. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, मीटर नका पाहू जी. ब्रेकच्या पॅडलचं रबर पाहा. साठ हजारात असं गुळगुळीत होते का?" विकणाऱ्याकडे गेलो तर त्याने हात झटकले. ग्राहक आयोगात जावे तर हाती पक्की पावती नाही. शेवटी गाडी ३० हजारांत भंगाराच्या भावाने काढली. कर्जाचे हप्ते मात्र पुढे दोन वर्षे पगारातून कापले गेले. जी गाडी दारात नाही तिचा हप्ता भरणे, यासारखे कडू दुसरे काही नाही.

२०१९ साली त्याच चालकभाऊंनी निरोप पाठवला. त्यांची गाडी काढायची होती. २०१२ ची डिझेल गाडी, पिवळ्या पाटीची. मीटर ३,१२,०००. घरात हे सांगताच मुलांची आई म्हणाली, "एकदा पोळलो तेवढं पुरे नाही का? तीन लाख चाललेली गाडी कोण घेते?"

चालकभाऊंनी आमच्यापुढे तीन डायऱ्या ठेवल्या. पहिल्या दिवसापासून ऑइल कधी बदलले, फिल्टर कधी, क्लच प्लेट कधी, टायमिंग बेल्ट कधी, किती किलोमीटरवर आणि किती रुपयांत, सारे तारीखवार लिहिलेले. पाठीमागे बिले टाचलेली. आमच्या कार्यालयातले लेजरही इतके स्वच्छ नसते. आम्ही डायरीतले आकडे मीटरशी जुळवून पाहिले. एकही खोटा निघाला नाही. १ लाख ४० हजारांना व्यवहार ठरला.

मिस्त्रीने आम्हांस समजावून सांगितले ते येथे नोंदवतो. गाडी किती चालली यापेक्षा कशी चालली याला महत्त्व. हमरस्त्यावर एका चालीने धावणाऱ्या गाडीचे इंजिन योग्य तापमानाला राहते. क्लच, गिअर, ब्रेक कमी वापरले जातात. गल्लीत दोन-दोन किलोमीटर फिरणारी गाडी रोज थंड इंजिनावर चालते आणि थंड इंजिनाची झीज जास्त होते. महिनोन् महिने उभी असलेली गाडी तर आणखी वाईट. रबरी नळ्या व सील सुकतात, बॅटरी मरते, टाकी आतून गंजते. म्हणून वेळेवर ऑइल बदललेले तीन लाख किलोमीटर हे हयगयीच्या एक लाखापेक्षा बरे.

जगातही याचे दाखले आहेत. ग्रीसमधील थेसालोनिकी शहराचे टॅक्सीचालक ग्रेगोरिओस साचिनिडिस यांनी १९८१ साली मर्सिडीजची १९७६ ची जुनी डिझेल गाडी घेतली. घेतानाच ती २ लाख २० हजार किलोमीटर चाललेली होती. २००४ साली त्यांनी ती कंपनीच्या संग्रहालयाला दिली तेव्हा आकडा ४६ लाखांवर गेला होता. मध्ये इंजिने बदलावी लागली, हेही खरे. अमेरिकेतील शाळामास्तर आयर्व गॉर्डन यांनी १९६६ साली घेतलेली व्होल्वो २०१३ मध्ये ३० लाख मैलांवर, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटरवर नेली. दोघेही धनवान नव्हते. एक टॅक्सीचालक, एक शिक्षक.

मात्र तीन लाखांची गाडी म्हणजे खर्च नाही, असा अर्थ कोणी काढू नये. आम्ही पहिल्याच दिवशी ३८ हजार बाजूला ठेवले होते. टायमिंग बेल्ट, क्लच, शॉकअप व दोन टायर यांत ते संपले. पुढच्या सहा वर्षांत दुरुस्तीला ९२ हजार लागले. विकत घेतल्याचे धरून एकूण २ लाख ७० हजार. तेवढ्यात गाडी ७२ हजार किलोमीटर चालली. म्हणजे डिझेल, विमा सोडून किलोमीटरला पावणेचार रुपये. नियम सोपा आहे : खिशात दीड लाख असतील तर गाडी एक लाखाची पाहावी आणि पन्नास हजार तिच्याच नावाने राखून ठेवावे. सगळे पैसे किमतीत ओतले की पहिल्या बिघाडाला सावकार आठवतो.

गाडी पाहताना काय पाहावे? सकाळी, इंजिन थंड असताना जावे. बॉनेटला हात लावून पाहावा; आधीच गरम करून ठेवले असेल तर समजावे की काही लपवायचे आहे. सुरू केल्यावर निळा धूर आला तर इंजिन ऑइल जाळते. पांढरा धूर थांबतच नसेल तर पाणी आत शिरत असण्याचा संभव. पॅडलचे रबर, स्टिअरिंग, चालकाची सीट यांची झीज मीटरशी जुळते का ते पाहावे. टायरवर शेवटचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. चासी नंबर आरसी बुकाशी ताडून घ्यावा. पायाखालची चटई उचलून गाळ, गंज, कुबट वास आहे का पाहावे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरात नागपुरात कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या, हे विसरू नये. आणि मिस्त्रीला सोबत न्यावे. त्याचे पाचशे रुपये वाचवण्याच्या नादात आमचे लाख गेले.

आता कागदांविषयी. हा भाग गाडीपेक्षाही मोठा आहे. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी जुनी गाडी स्टॅम्प पेपरवर विकली. घेणाऱ्याने ती नावावर केली नाही. गाडीचा विमा संपलेला. पुढे अपघात झाला आणि नुकसानभरपाईच्या दाव्याची नोटीस या गृहस्थांच्या दारात आली. गाडी विकून दोन वर्षे झाली, असे ते सांगत राहिले. परंतु ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, नोंदणी ज्याच्या नावावर, भरपाईच्या दृष्टीने मालक तोच. त्या खटल्यातही गाडी अनेक हातांतून गेली होती आणि जबाबदारी नोंदणी असलेल्या पहिल्या मालकावर आली. म्हणून विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने दोघांनी आरटीओत जाऊन फॉर्म २९ व ३० भरून गाडी नावावर करावी. कर्ज असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला व फॉर्म ३५ घ्यावा. विमा चौदा दिवसांत आपल्या नावे करण्यास अर्ज द्यावा. थकलेले चलान आधी तपासावेत. गाडी पिवळ्या पाटीची असेल तर ती खाजगी करून घेण्याचे काम वेगळे, त्याचा खर्च आधीच विचारावा.

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होते. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली. पर्यावरण कर वेगळा. चौदा वर्षांची गाडी स्वस्त का मिळते, याचे एक कारण येथे आहे. दलालाकडून घेतल्यास पक्के बिल मागावे आणि त्यावर मीटरचा आकडा लिहून घ्यावा. फसवणूक झाली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. वकील लावलाच पाहिजे असे नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीही नाही. पण बिल हवे. आमच्याकडे नव्हते.

कोणी म्हणेल, समाजाच्या पत्रात गाडीची ही उठाठेव कशाला? बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. १९०१ साली मसूर स्टेशनावर त्यांना व त्यांच्यासोबतच्या मुलांना, जात कळताच, कोणी गाडीवान नेईना. दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकण्याच्या अटीवर त्यांना बैलगाडी मिळाली. १९२९ साली चाळीसगावला टांगेवाल्यांनी त्यांचा टांगा हाकण्यास नकार दिला. सराव नसलेल्या आपल्याच माणसाने हाकला, अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना पैसे देऊनही गाडीत जागा नव्हती, त्यांच्या दारात स्वतःची गाडी उभी राहते, ही लहान गोष्ट नाही. म्हणूनच ती कर्जाच्या खड्ड्यात नेणारी आणि खोट्या मीटरची नसावी. गाडी मिरवण्यासाठी नको, पोचण्यासाठी हवी.

आमची आई २०२२ साली गेली. त्या तीन वर्षांत तिला नऊ वेळा रात्री नागपूरला न्यावे लागले. एकदाही गाडी मध्ये थांबली नाही आणि एकदाही कोणाच्या दारात जाऊन मान खाली घालावी लागली नाही. आज मीटर ३ लाख ८४ हजारांवर आहे. चौथी डायरी आम्ही लिहीत आहोत. चालकभाऊ भेटले की आधी डायरी मागतात, मग पाणी.

तो तरुण परवा पुन्हा आला. त्या चकचकीत गाडीचे कागद मागताच दलालाने फोन उचलणे बंद केले म्हणे. आता दुसरी पाहिली आहे. "दोन लाख चाळीस हजार चालली आहे भाऊ," तो जरा ओशाळून म्हणाला. आम्ही विचारले, "बिलं आहेत?" तो म्हणाला, "सगळी आहेत."

येत्या रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, मिस्त्रीला घेऊन पाहायला जाणार आहोत.