टोकियोत कोण कुणावर डिपेंडंट?

सकाळी आठ वाजता टोकियोच्या तोझाई लाइनवर चढलात, की विरार लोकल आठवणारच! फरक एवढाच, की इथे कुणी भांडत नाही आणि कुणाचा मोबाइल वाजत नाही. २०१९ साली या लाइनवर गर्दीच्या वेळी क्षमतेच्या १९९ टक्के प्रवासी होते. माझा आयटीवाला मित्र निशिकासाई स्टेशनवर रोज या गर्दीत शिरतो आणि ओतेमाचीला ऑफिस गाठतो. तो आणि त्याची बायको, दोघंही पुण्याचे, आमच्या कॉलेज ग्रुपमधले. त्यांच्याकडे आठवडाभर मुक्काम ठोकला होता.

निशिकासाई म्हणजे एदोगावा वॉर्डातला ‘मिनी इंडिया’. २०००च्या आसपास वायटूकेच्या निमित्ताने भारतीय इंजिनीअर्स टोकियोत आले. ओतेमाचीतल्या बँका इथून थेट मेट्रोवर. शिवाय एरवी टोकियोत भाड्याने घर घ्यायचं तर जामीनदार हवा आणि घरमालकाला ‘भेट’ म्हणून परत न मिळणारे पैसेही द्यावे लागतात. इथल्या ‘यूआर’ या निमसरकारी संस्थेच्या इमारतींत ही दोन्ही लफडी नाहीत. मग काय, वस्ती वाढत गेली. आज तूरडाळ, हिंग सगळं मिळतं. २०१९ मध्ये तर योगेंद्र पुराणिक या वॉर्डाच्या कौन्सिलवर निवडून आले. टोकियोत चक्क मराठी नगरसेवक!

त्याचं टोकियो, तिचं टोकियो

पण एकाच घरातल्या या दोघांचं टोकियो वेगवेगळं आहे. त्याचं म्हणजे मेट्रो, ऑफिस आणि पुन्हा मेट्रो. टीम भारतीय, मीटिंग्ज इंग्रजीत. पाच वर्षांत त्याचं जपानी ‘सुमिमासेन’च्या पुढे सरकलेलं नाही.

तिला मात्र पहिल्याच आठवड्यात कचऱ्याने धडा शिकवला. जळणारा, न जळणारा, रिसायकलिंगचा... प्रत्येकाचा वार ठरलेला. हिने चुकीच्या वारी पिशवी ठेवली, तर ती स्टिकर लावून तिथेच! “अरे, त्या स्टिकरवर काय लिहिलंय ते वाचायला मी भाषा शिकले,” ती हसत सांगते. आता वॉर्ड ऑफिस, डॉक्टर, खालच्या मजल्यावरच्या आजी, सगळं तीच सांभाळते.

व्हिसावर मात्र ती ‘डिपेंडंट’. वेगळी परवानगी काढली तरी काम आठवड्याला फक्त २८ तास. पुण्यात चार जणांची टीम सांभाळणारी ही मुलगी इथे दोन वर्षं कोंबिनीच्या, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानाच्या, काउंटरवर उभी होती. “आईला अजून सांगितलेलं नाही,” हे सांगताना मात्र ती हसली नाही.

मग तिने जपानीची ‘एन टू’ परीक्षा काढली आणि एका कंपनीने तिला फुल टाइम जॉब देऊ केला. व्हिसा बदलून मिळाला, की झालं. नेमकं त्याच महिन्यात त्याच्या ऑफिसने सांगितलं, प्रोजेक्ट संपतोय, पुण्याला परत या.

मी होतो त्या आठवड्यात घरात हाच विषय. एका रात्री वरणभात जेवता जेवता तो म्हणाला, “अगं, पुण्यात तुला जॉब मिळेलच की.”

“मिळेल. पण हा मी मिळवलाय.”

बराच वेळ कुणीच बोललं नाही. शेवटी तोच म्हणाला, “मग मी राहू तुझ्या व्हिसावर? अठ्ठावीस तास?”

“आधी कचऱ्याचे वार पाठ कर!”

आपल्याकडे ‘फॉरेन’ला गेलेल्या जोडप्यात नवऱ्याचं पॅकेज विचारतात. तिचं काय चाललंय, हे मीही पाच वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

मी निघालो त्या सकाळपर्यंत निर्णय झालेला नव्हता. बॅग घेऊन खाली उतरलो, तर हा पठ्ठ्या ऑफिसच्या शर्टात, हातात कचऱ्याची पिशवी घेऊन, वरच्या बाल्कनीकडे बघत विचारत होता, “आज जळणारा ना गं?”