हौली-हौली

चंदीगडच्या हिवाळ्यात सकाळ उशिरा उजाडते. आखून काढलेल्या सरळ रस्त्यांवर धुकं रेंगाळत असतं, समोरचा सेक्टर आणि एरवी उत्तरेला दिसणारे कसौलीचे डोंगर त्या पांढऱ्यात विरून गेलेले असतात, आणि मग दहाच्या सुमाराला उन्हाची एक फिकट तिरीप बाल्कनीत उतरून आत्याच्या शालीवर येऊन बसते. तेव्हा तिचं जेवण सुरू होतं. संपेपर्यंत ऊन भिंतीवर चढलेलं असतं.

अर्धांगाच्या झटक्यानंतर तिचा हात परतला, थोडी वाचाही परतली. गिळणं मागेच राहिलं. आपण दिवसातून शेकडो वेळा गिळतो, झोपेतसुद्धा, आणि एकदाही त्याची दखल घेत नाही. श्वास आणि अन्न घशातल्या एकाच उंबरठ्यावरून जातात, घास येताच स्वरयंत्र वर उचललं जातं, श्वासाचं दार मिटतं, श्वास क्षणभर थांबून अन्नाला वाट देतो आणि पुन्हा सुरू होतो. आपल्या देहात किती सौजन्य आहे! आत्याच्या घशात ते दार आता उशिरा मिटतं. म्हणून सगळ्यांत अवघड निघालं ते पाणी. इतकं निर्मळ, इतकं साधं, पण फार चपळ. दार मिटायच्या आत ते श्वासाच्या वाटेला लागतं. तिला दाट केलेलं पाणी द्यावं लागतं, चमच्यानं.

घास शिकवायला येणारी पंजाबी मुलगी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणते, “हौली-हौली, माताजी.” म्हणजे हळूहळू. पाठ ताठ, हनुवटी जराशी छातीकडे, आत्यासाठी सांगितलेली हीच बैठक. एक घास. गिळला का? पुन्हा एकदा गिळा. मग दुसरा. जेवण झाल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही.

या दिवसांत शेजारच्या स्वयंपाकघरातून सरसोंच्या सागाचा वास येतो. तासन्‌तास मंद आचेवर शिजलेलं, लाकडी रवीनं घोटलेलं, वर लोण्याचा गोळा. धागे गाळून काढले की साग आत्याला चालतं. मक्याची रोटी मात्र नाही, तिचा भुगा घशात विखुरतो. आपली दूध-पोळीही वाटते तितकी भोळी नाही: दूध पुढे धावतं, पोळी मागे राहते, आणि थकलेल्या घशाला दोघांना एकदम सांभाळता येत नाही. पेजही निवळ वर आणि शितं खाली अशी नको, घोटून एकजीव हवी. पाणी सुटलेलं दही नको, चक्क्यासारखं दाट चालेल. मऊपणातही इतक्या परी असतात, हे मला या बाल्कनीत कळलं.

पुण्याहून आलेल्या मेतकुटाचा डबा उघडला की आत्याचे डोळे आधी जेवतात. आसट भात, पळीभर तूप, त्यावर चिमूटभर पिवळं मेतकूट, सगळं नीट कालवलेलं. हिंगाचा, मेथीचा, भाजलेल्या डाळीचा तो वास तिला कोणत्या माजघरात, कोणत्या पावसाळ्यात घेऊन जातो कोण जाणे; ओठांची एक बाजू अजून हलत नाही, पण दुसरी हसते.

आजाऱ्याचं जेवण म्हणून भात, वरण, भाजी एकत्र मिक्सरमधून फिरवण्याची रीत घरोघरी आहे. त्यातून पोषण मिळतं, पण रंग जातो, वास जातो, आधी भाजी की आधी वरण हा निवडीचा हक्क जातो. आत्याच्या ताटात भोपळ्याची केशरी वाटी वेगळी असते, मुगाची पिवळी वेगळी, पालकाची हिरवी वेगळी. ती बोटानं दाखवते. ते बोट म्हणजे तिचं राज्य.

याच शहरात, 1962 साली उभ्या राहिलेल्या पीजीआय रुग्णालयाच्या दाराशी, जगदीशलाल आहुजा वर्षानुवर्षं रुग्णांना आणि त्यांच्या सोबत्यांना लंगर वाढत. फाळणीत पेशावर सुटलं, चंदीगडात केळी विकून ते सावरले, आणि लंगरासाठी मालमत्ताही विकली. त्यांना स्वतःला पोटाचा कर्करोग होता. 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली, 2021 मध्ये ते गेले. लोक त्यांना लंगरबाबा म्हणत. दुखण्याच्या दाराशी कुणीतरी जेवू घालणारं लागतं, हे त्यांना ठाऊक होतं.

घराघरांत ते काम एका चमच्यावर येतं. तुमच्या घरी कुणाला चावता-गिळता येत नसेल, जेवताना ठसका लागत असेल, तर आधी जाणकारांना दाखवा. मग त्यांनी सांगितलं तसं वाटा, गाळा, दाट करा; पण वाट्या वेगळ्या ठेवा, निवड त्यांना करू द्या. आणि पहिला घास पोटात गेल्याशिवाय दुसरा उचलू नका.