सात वर्षांनी फुलणारी कारवी

श्रावण-भाद्रपदात सह्याद्रीच्या घाटातून एस.टी.ने जाताना उतारांवर पुरुषभर उंचीची दाट झुडपं दिसतात. पानं मोठी, खरखरीत, कडेला दातेरी आणि देठावर समोरासमोर जोडीनं आलेली. हीच कारवी! एरवी तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. पण साधारण सात वर्षांनी एकदा ती फुलते, आणि मग अख्खा डोंगर जांभळा-निळा होऊन जातो.

बोरिवलीच्या संजय गांधी उद्यानात ती २००८ नंतर २०१६ साली फुलली. म्हणजे तिथं आठ वर्षं लागली. त्या वर्षी आम्ही सगळे मुद्दाम पाहायला गेलो. जवळून पाहिलं तर फूल नरसाळ्यासारखं, टोकाशी पाच पाकळ्यांत विभागलेलं. आणि मधमाश्यांची ही झुंबड! महाबळेश्वरकडचा कारवीचा दाट मध प्रसिद्ध आहे, तो याच फुलांचा.

मैत्रिणींनो, ही काही परकी नाही हं. आपल्या परसातला अडुळसा, कोरांटी, गजऱ्यातली अबोली ही सारी हिच्याच कुळातली. सासूबाई सांगतात, पूर्वी कारवीच्या काठ्या उभ्या बांधून, वरून शेणमातीनं लिंपून कुडाच्या भिंती करत. कितीतरी संसार या काठ्यांच्या आडोशाला झाले!

कारवीची गंमत म्हणा की दुःख म्हणा, ती आयुष्यात एकदाच फुलते. बी धरलं की झाड वाळून जातं. सुकलेली बोंडं उन्हाळाभर तशीच राहतात. पुढच्या वर्षी पहिल्या पावसाचं पाणी लागलं की ती तटातट फुटतात आणि बी दूर उडतं. त्यातून सगळी रोपं एकाच वेळी उगवतात, म्हणून पुढं फुलतातही एकदमच.

माझ्या धाकटीनं विचारलं, "आई, आता परत कधी गं?" मी मनात हिशेब केला, तेव्हा ही सोळा वर्षांची असेल! तेवढ्यात शेजारच्या काहीजणी फोटोसाठी फुलांच्या फांद्याच मोडत होत्या. मला राहवलं नाही. म्हटलं, "अहो, तोडलेल्या फुलाला बी कुठून धरणार? या झाडाला दुसरी संधी नाही."

फुलोऱ्याचं वर्ष असेल तेव्हा ऑगस्ट-सप्टेंबरात जरूर जा, मुलांनाही न्या. मात्र पायवाट सोडू नका आणि केसात माळायला घरची अबोलीच घेऊन जा.