खाड्याची नोंद

शहरात नव्याने आलेलं माणूस उदास दिसलं की त्याला दोनच सल्ले मिळतात. वडीलधारे म्हणतात, "रुळशील हळूहळू," आणि बरोबरीचे म्हणतात, "जरा मिसळत जा." दोन्ही सल्ले आपुलकीचेच, पण रुळणं हे ज्याचं त्याने करायचं काम आहे, असं दोघांनीही मनोमन धरलेलं असतं. मग जमलं नाही तर खोट आपल्यातच. आपण बुजरे, आपली भाषा गावठी, आपल्याला चारचौघांत बोलता येत नाही. नांदेडकडून स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी पुण्याच्या सदाशिव पेठेत आलेला मुलगा काय किंवा अमरावतीहून हिंजवडीत नोकरीला लागलेली मुलगी काय, रात्री कॉटवर पडल्या पडल्या स्वतःवर हाच खटला चालवत असतात. मला हा खटलाच चुकीच्या आरोपीवर भरलेला वाटतो. खेड्यातून आलेली माणसं आपल्याकडच्या शहरांत पूर्वी रुळली, ती काही मनमोकळ्या स्वभावाच्या बळावर नव्हे. त्यांना सामावून घेण्याची सोय शहरात आधीपासून होती. ती सोय आता मोडली आहे, आणि तिचं काम आपण एकेकट्याच्या स्वभावावर ढकललं आहे.

मुंबईचंच बघा. 1854 साली ताडदेवला पहिल्या कापडगिरणीची कंपनी उभी राहिली आणि पुढच्या साठ-सत्तर वर्षांत शहर परक्यांनी भरून गेलं. 1921च्या जनगणनेत मुंबईकरांपैकी शेकडा ऐंशीहून अधिक लोक मुंबईबाहेर जन्मलेले निघाले. म्हणजे बहुसंख्य शहरच उपरं होतं. गिरणगावात रत्नागिरीकडचे होते, सातारा-कोल्हापूरकडचे घाटी होते, आणखी लांबलांबचे होते. बंदरावर उतरलेला कोकणातला पोरगा तडक गावकीच्या खोलीवर जायचा. गावाने मिळून भाड्याने धरलेली ती खोली. तिच्यात एकेकाच्या वाट्याला मालकीची अशी एक ट्रंक आणि एक वळकटी. पाळीवरून आलेला झोपायचा आणि पाळीवर निघालेला उठायचा. अंथरुणाला गार व्हायला फुरसत नसे. कुणीतरी मुकादमाशी बोलून ठेवलेलं असे, कुणी गिरणीचा रस्ता दाखवी, पोस्टातून मनिऑर्डर कशी करायची ते तिसरा कुणी सांगे. गणपतीला गावी कोण जाणार आणि कुणाच्या हाती काय पाठवायचं, याची खलबतंही तिथेच चालत. भजनी मंडळ होतं, नमनाची मंडळं होती, घाटावरच्यांना तालीम होती. परळच्या दामोदर हॉलमध्ये गिरणी कामगार स्वतः नाटकं करत. गोव्याच्या ख्रिस्ती लोकांनी तर ही सोय आणखी नेटकी केली. धोबीतलावच्या जेर महालात आणि आसपास त्यांचे गावागावांचे कूड, म्हणजे सामाईक खोल्या, होते; अजूनही काही आहेत. बोटीवर नोकरी करणारा खलाशी दोन सफरींच्या मधे तिथे ट्रंक टाकून राहायचा, भाडं नाममात्र. अट मात्र एक असे: संध्याकाळच्या तेरेसाला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, हजर राहायचं. त्या वेळी प्रार्थनेत मन कितपत लागत असेल देव जाणे. पण दिवसातून एकदा सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत, हे नक्की.

ही माणसं सुखी होती असा माझा दावा नाही. बायकामुलं मागे ठेवून आलेल्यांचं दुःख त्या काळच्या लोकगाण्यांत भरून राहिलं आहे. अण्णाभाऊ साठ्यांची "माझी मैना" तर घरोघरी पोचलेली. पण शहरातल्या उदासीचे दोन प्रकार असतात आणि त्यांची गल्लत करू नये. घरची आठवण येते, ही एक. ती गिरणी कामगारालाही छळत होती, आणि तिच्यावर इलाज नसतो. असावा असंही नाही. आपण आज इथे असलो काय नि नसलो काय, कुणाला पत्ताही लागणार नाही, ही दुसरी. आजच्या नवख्या माणसाला छळते ती मुख्यतः ही दुसरी, आणि गावकीच्या खोलीत तिला शिरकावच नव्हता.

यामागची यंत्रणा भावनेपेक्षा हिशेबाची होती. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांचा 2018 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. नव्या गावी राहायला जाऊन सहा महिन्यांच्या आत असलेल्या लोकांनाही त्यांनी त्यात प्रश्न विचारले होते. ओळखीच्या माणसाशी जुजबी मैत्री व्हायला साधारण 50 तास एकत्र घालवावे लागतात, मैत्री म्हणावी अशी मैत्री व्हायला 90 आणि जिवलग व्हायला 200च्या वर, असा त्यांचा अंदाज. नुसतं शेजारी बसून काम केल्याचे तास त्यात फारसे कामी येत नाहीत, असंही त्यांना दिसलं. आता हे आकडे आपल्याकडे आणून बघा. दर रविवारी ठरवून दोन तास भेटायचं म्हटलं, तर 200 तासांना शंभर रविवार लागतात, म्हणजे जवळजवळ दोन वर्षं. तेही एकही रविवार न चुकता. खानावळीत त्याच पंगतीला दोन्ही वेळा अर्धा-अर्धा तास बसणाऱ्याचे तेवढेच तास सात महिन्यांच्या आत भरतात. त्यासाठी धीटपणा लागत नाही, गप्पिष्ट असावं लागत नाही. भूक लागली की पुरे. बुजऱ्या माणसाची सोय नेमकी इथे होती. त्याला "मिसळायला" लागतच नसे. तो वरण वाढून घेता घेता मिसळून जायचा.

खानावळीतली आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते, ती म्हणजे खाडा. महिन्याच्या जेवणाचे पैसे ठरलेले. ज्या वेळी जेवायला आला नाहीत, त्या वेळच्या रकान्यात खाडा पडायचा आणि महिनाअखेरीस तेवढे पैसे वजा व्हायचे. पुण्यातल्या जुन्या मेसमध्ये या खाड्यांवरून झालेली भांडणं ज्याला ठाऊक नाहीत, त्याने पुण्यात विद्यार्थीदशा काढली नाही म्हणायची. आधी सांगितल्याशिवाय खाडा धरणार नाही, लागोपाठ इतके झाले तरच धरू, असले एकेक कायदे. पण त्या चौकटीत कुणीतरी रोज दोनदा तुमच्या गैरहजेरीची दखल घेत होतं. ती मायेपोटी घेत असे असं नव्हे. गिरणगावात खानावळ चालवणाऱ्या बाईची तर महिनाभराची उधारी अंगावर असे. गिऱ्हाईक दोन दिवस दिसलं नाही की तिच्या पोटात गोळा येई, आणि ती खोलीवर निरोप धाडी. माणूस तापाने फणफणलेला असला तर त्यातूनच कळे. (या बायकांची उधारी आणि कर्जं हा वेगळाच विषय आहे. प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं तेव्हा कुठे त्यांच्याकडे बँकांचं लक्ष गेलं.) शहराने माणसावर प्रेम करावं, ही अपेक्षा फार मोठी आहे. त्याच्या असण्या-नसण्याने कुणाच्या तरी वहीत फरक पडावा, एवढंच पुरेसं होतं.

आज पुण्यात ही वही कुठे आहे? एका खोलीत तीन कॉट, तिघांच्या वेळा तीन; एक रात्रपाळीचा, एक पहाटे अभ्यासिकेची जागा धरायला जाणारा, एक कानात इअरफोन घालून भिंतीकडे तोंड केलेला. खोलीची पाळीपाळीने वाटणी गिरणगावातही होती, फक्त तिथे पाळीआधी आणि पाळीनंतर जेवण एकत्र होतं. इथे डबा दाराच्या कडीला अडकवून जातात, किंवा ॲपवरून मागवतात. डबा उघडला नाही तर तो तसाच कचऱ्यात जातो; पैसे आगाऊ भरलेले असल्यामुळे कुणाचंच काही अडत नाही. अभ्यासिकेत तर बोलायलाच बंदी. शेजारच्या खुर्चीवर वर्षभर बसणाऱ्याची चार्जरची वायर ओळखीची होते, नाव कळत नाही. रात्री नऊ-साडेनऊला घरचा फोन येतो. "जेवलास का?" "हो." "काय होतं?" "नेहमीचंच." "अभ्यास?" "चालूय." एवढं बोलून झालं की दोन्हीकडची माणसं थोडा वेळ फोन तसाच धरून ठेवतात. फोनमुळे गाव खिशात आलं, मग एकटेपणा कसला, असं विचारणारे आहेत. फोनने जुनी नाती जिवंत राहतात हे खरंच आहे, पण नवीन नात्यांना जे संध्याकाळचे फावले तास लागतात, तेही तोच खातो. शिवाय घरी खरं सांगायची सोय नाही. बापाने सोयाबीनच्या पैशांतून क्लासची फी भरलेली असताना "मला इथे करमत नाही" हे वाक्य तोंडातून निघणार कसं?

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यांत वजनदार आक्षेप असा की, ज्या सोयींचे मी गोडवे गातो आहे त्या जातीच्या होत्या, गावाच्या होत्या आणि पुरुषांच्या होत्या. बरोबर आहे. गावकीची खोली म्हणजे गावाची उतरंडच दहा बाय बारात मांडलेली. गिरणीतसुद्धा, कांडी बदलताना धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून, जास्त पगाराच्या विणखात्यात अस्पृश्यांना घेत नसत. डॉ. आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत खेड्याला संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं डबकं ठरवलं. ज्यांच्या अनुभवातून ते बोलत होते, त्यांना शहरातल्या अनोळखीपणानेच पहिल्यांदा मोकळा श्वास दिला. बाईच्या बाबतीतही तेच, संध्याकाळी एकटीने फिरावं आणि कुणी "कुठे निघालीस?" म्हणून हटकू नये, याचं मोल गावात वाढलेल्या मुलीला विचारावं. म्हणून जुनं तसंच परत आणा, असं मी म्हणत नाही. पण हा अनोळखीपणा रस्त्यावरच मिळतो, हेही ध्यानात घ्यावं. खोली भाड्याने घ्यायला गेलं की शहर पहिल्यांदा आडनाव विचारतं, मग खाणं विचारतं, मग लग्न झालंय का विचारतं. चौकशा गावच्या उरल्या आहेत आणि आधार तेवढा गेला आहे. आणि जेवणाच्या पंगतीला जातीची चौकट लागतेच असंही नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात वसतिगृह काढलं, त्यात सगळ्या जातींची मुलं एकत्र रांधत आणि एकत्र जेवत. गांधीजींनी 1927 साली त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नाव दिलं. गावकीच्या खोलीत जे तास आपोआप भरत, तेच इथे भरत होते. कुंपण काढलं म्हणून पंगत मोडली नाही.

दुसरा आक्षेप अशा खोल्यांच्या, म्हणजे पर्यायाने चाळीच्या, कौतुकाबद्दलचा. मुंबईच्या बीडीडी चाळीतली 160 चौरस फुटांची खोली आणि मजल्यावरचे सामाईक संडास यांत ज्यांनी आयुष्य काढलं, त्यांना आता 500 चौरस फुटांचं घर मिळतं आहे, तर गॅलरीतल्या गप्पांसाठी हळहळणाऱ्यांनी आधी त्या संडासाच्या रांगेत उभं राहावं. हेही मान्य. स्वतःचा संडास ही गॅलरीपेक्षा मोठी गोष्ट आहे. पण या दोहोंतून एकच निवडा, अशी सक्ती कुणी केली? लिओन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1950 साली अमेरिकेतल्या विद्यार्थी-वसाहतींचा अभ्यास मांडला. कुणाची मैत्री कुणाशी होते, हे बऱ्याच अंशी दारं किती जवळ आहेत आणि जिना कुठे उतरतो यावर ठरत होतं. जिना कुठे काढायचा हे वास्तुविशारद ठरवतो, राहणाऱ्याचा स्वभाव नव्हे.

तिसरा आक्षेप मला अडवणारा आहे. नेमाड्यांच्या 1963 सालच्या "कोसला"तला पांडुरंग सांगवीकर पुण्यात वसतिगृहातच होता. अवतीभवती पोरं होती, कॉलेज होतं; तरी तो तिथे रुजला नाही आणि गावी परतला. मग सोयीने काय साधलं? उत्तर असं की सोय प्रत्येकाला पुरेल असं नाही. काहींची उदासी शहराच्या आधीची असते, काहींना डॉक्टरची गरज असते, आणि त्यांना पंगतीला बसवून बरं करू म्हणणं हा अडाणीपणा होईल. पण पांडुरंगाला जे जमलं नाही, ते त्याच्या भोवतीच्या कितीतरी मुलांना जमलं. त्यांच्यावर कादंबऱ्या लिहिल्या जात नाहीत एवढंच. एखाद्याला पोहता येत नाही म्हणून नदीवरचा पूल पाडत नाहीत.

तेव्हा रुळण्याचा प्रश्न स्वभावाकडून काढून जागांकडे न्यायला हवा, आणि जागा म्हणजे पुतळ्यांची उद्यानं नव्हेत. अभ्यासिकेला लागून बोलायची परवानगी असलेली एक खोली, डबे पोचवण्याऐवजी बसून जेवू घालणारी मेस, भाडेकरूंनाही वर्गणी मागणारं गणेशमंडळ. वर्गणी मागायला आलेला माणूस निदान तुमचं नाव लिहून घेतो. हे फार खर्चाचं नाही. पण ते कुणाच्या कामात बसत नाही. इमारतीचा नकाशा मंजूर करताना महापालिका गाड्या किती उभ्या राहतील ते मोजून घेते, आणि ते योग्यच आहे. त्याच इमारतीत पुढे कॉट बेसिसवर येणाऱ्या तिघा-चौघांनी एकत्र जेवायला कुठे बसायचं, हा प्रश्न तिथे अजून कुणी विचारलेला नाही.