बूट चावतो कुठे?

चप्पल चावते असे आपण मराठीत म्हणतो. गुजरातीत जोडा ‘डंखे छे’, म्हणजे डंख मारतो. आमच्या अंकाचा कन्नड विभाग पाहणाऱ्या सहकाऱ्यांना मी मुद्दाम विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘‘आमच्याकडंही कडितैतिच की!’’ एरवी ज्यांचे एकमेकांशी फारसे जमत नाही त्या भाषांचे निदान पादत्राणाला दात असतात याबद्दल एकमत आहे, हे पाहून बरे वाटले. मात्र ते दात नेमके कुठे आहेत, हे शोधून काढणारी माणसे फार थोडी. त्यांतल्या एकाबद्दल मला लिहायचे आहे.

मी दीड वर्षाचा असताना, १९७५ साली, मला पोलिओ झाला. त्या वेळी आम्ही सुरतेत होतो. आमचे अण्णा मूळचे इचलकरंजीचे, मागावर जॉबर. माग कुरकुरला की नुसत्या आवाजावरून दोष ओळखणारे. इचलकरंजीचे सुती माग सोडून ते सुरतेच्या नायलॉन-पॉलिएस्टरच्या मागांवर गेले आणि उधन्यात एका चाळीत आमचे बिऱ्हाड लागले. नगरपालिकेच्या मराठी शाळेत मी शिकलो. (इतिहासाच्या तासाला सुरतेच्या लुटीचा धडा आला की गुरुजी खिडकीकडे पाहून आवाज जरा खाली आणीत, असे मला वाटे.) पोलिओने माझा डावा पाय दीड इंच आखूड राहिला. पाऊल उजव्याहून दोन नंबरांनी लहान, कमान उंच उचललेली, घोटा आत कलणारा. साध्या चपलेत हे पाऊल टिकत नाही. आम्ही कोल्हापुरी चपलेच्या मुलखातली माणसे, पण अंगठा घट्ट धरता येत नसल्यामुळे ती चप्पल माझ्या पायातून चार पावलांत निसटे. दर दिवाळीला आजोबा गावाहून सगळ्या नातवंडांना चपला पाठवीत. माझा जोड तेवढा धाकट्या भावाला जाई.

बुटांचीही तीच गत. दुकानात बूट जोडीने मिळतात, म्हणून दोन नंबरांचे दोन जोड घ्यायचे आणि त्यांतला एकेक बूट टाकून द्यायचा. शिवाय दीड इंचाचे काय? नवव्या वर्षी एका दवाखान्यातून मला उंच तळाचा बूट करून मिळाला. उंची अगदी बरोबर होती. पण करंगळीच्या मुळाशी माझे जे हाड बाहेर आले आहे त्याची दखल त्या बुटाने घेतलीच नव्हती. आठ दिवसांत तिथे फोड आला, पंधरा दिवसांत जखम झाली, आणि जखम भरेपर्यंत मी घरी. भरली की पुन्हा तोच बूट. त्या वर्षी शाळेत माझे जितके दिवस भरले त्याहून अधिक बुडाले. वर्ष वाया जाणार, कदाचित शाळाच सुटणार, हे घरात कुणी बोलून दाखवीत नव्हते, पण आईने दप्तर खुंटीवरून काढून ट्रंकेवर ठेवले होते ते मला दिसत होते.

आज मी पदार्थविज्ञान शिकवतो. दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावरील बल, हे पहिल्या वर्षाच्या वर्गात सांगताना फळ्यावर पाऊल काढतो. शरीराचे वजन तेच, पण ते तळहाताएवढ्या जागेवर पसरले तर पाऊल ते सुखाने पेलते, चिंचोक्याएवढ्या हाडावर आले तर कातडे फाटते. व्याख्या सोपी आहे. नवव्या वर्षी ती मला जरा निराळ्या मार्गाने समजली होती.

कारखान्यातल्या कुणीतरी अण्णांना एका मोच्याचे नाव सांगितले. रिंग रोडच्या आतल्या बाजूला एका गल्लीत त्यांचे दुकान होते. दुकान कसले, दोन माणसे बसली की तिसऱ्याने उभे राहावे एवढी जागा. भिंतीवर ओळीने लाकडी कळबूत टांगलेले, पुढे लोखंडी ऐरण, रापी, आरी, आणि खळीचा वास. म्हातारे सौराष्ट्रातले होते. ‘‘बेस, दीकरा,’’ म्हणाले आणि माझ्या पायाकडे न पाहता आधी बूट मागून घेतला. तो उलटा करून तळ किती व कुठे झिजला आहे ते पाहिले. मग आत हात घालून बोटांनी बराच वेळ चाचपत राहिले. त्यानंतर मला अनवाणी, ओल्या पायांनी, दुकानाच्या फरशीवर चालवले. फरशीवर उमटलेल्या उजव्या आणि डाव्या पायांत जमीनअस्मानाचे अंतर होते. मला ओशाळल्यासारखे झाले. म्हाताऱ्यांना त्याचे काही नव्हते. ते वाकून वाकून ते ठसे सुकण्याआधी पाहून घेत होते.

‘‘क्यां डंखे छे?’’ त्यांनी विचारले. मी म्हणालो, सगळीकडे. अण्णा चिडले, ‘‘सगळीकडं कसं चावंल? नीट सांग की!’’ म्हाताऱ्यांनी हातानेच त्यांना गप्प केले. गेरू कालवून माझ्या करंगळीच्या हाडावर एक ठिपका दिला, पायावर बूट चढवून दहा पावले चालायला लावले आणि बूट काढून आतला भाग उजेडात धरला. अस्तरावर लाल डाग उमटला होता. बूट तिथे चावत होता. अण्णा, जे मागाचा दोष कानाने ओळखत, ते त्या डागाकडे पाहतच राहिले.

माप त्या दिवशी घेतले नाही. ‘‘सांजे आवजो,’’ म्हणाले. दिवसभराच्या वावराने पाऊल सुजते, सकाळच्या मापाचा बूट संध्याकाळी आवळतो, हे मला नंतर कळले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कागदावर पाऊल ठेवून दोनदा रेघ मारली, एकदा बसवून आणि एकदा उभे करून, कारण अंगाचा भार पडला की पाऊल पसरते. पेन्सिल अगदी सरळ धरायची. ती आत कलली तर माप चोरते, बाहेर कलली तर वाढते. मग कागदाच्या अरुंद पट्ट्या बोटांच्या सांध्याभोवती, कमानीवरून, टाचेपासून पायाच्या वळणापर्यंत गुंडाळून जिथे टोक मिळेल तिथे नखाने फाडायचे. आकडा कुठेच लिहिला नाही. त्या फाटक्या पट्ट्या हेच माप.

दुकानातला एक जुना लहान कळबूत घेऊन त्यांनी त्यावर माझे पाऊल रचले. जिथे माझे हाड बाहेर तिथे चामड्याचा तुकडा चुकेने ठोकला, कानशीने घासला, त्यावर दुसरा लहान तुकडा. कमानीवर असेच तीन थर. मग भिजवलेले चामडे त्यावर ताणून बसवायचे आणि तसेच सुकू द्यायचे. सुकले की चामडे तो आकार विसरत नाही. तळाला बुचाचे थर, टाचेखाली जाड आणि चवड्याकडे निमुळते. तो बूट घालून मी दुकानाच्या बाहेर गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. म्हातारे काही बोलले नाहीत. त्यांनी बूट काढायला लावून पुन्हा आत गेरूचा डाग शोधला. नव्हता.

घरी एक गोष्ट घडली तीही लिहिली पाहिजे. आजी तेव्हा गावाहून आली होती. मोच्याने मुलाचा पाय मांडीवर घेतला आणि अण्णांनी तिथे बसून चहा प्याला, हे ऐकून ती गप्प झाली. आमच्या गावात चपला करणारे अंगणाच्या बाहेर उभे राहत आणि माप लांबूनच दिले जाई. अण्णा फार बोलणारे नव्हते. त्यांनी बूट आजीच्या पुढे ठेवला आणि म्हणाले, ‘‘हात घालून बघ आत.’’ तिने हात घातला नाही. परंतु दुसऱ्या दिवशी माझे दप्तर तिनेच खुंटीवर परत अडकवले.

पुढे दरवर्षी माझे पाऊल वाढे आणि कळबुतावर आणखी एखादा तुकडा चढे. लांबीला कमी पडला की कळबूत बदलत, जुने तुकडे काढून नव्यावर ठोकीत.

१९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची बातमी पसरली. ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून दिसेनाशा झाल्या आणि चार-पाच दिवसांत लाखो माणसे मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेली. आमच्या चाळीतल्या खोल्यांना एकामागून एक कुलपे लागत होती. अण्णांनीही निघायचे ठरवले, आणि माझा बूट तळ बदलण्यासाठी दुकानात होता! मी एकवीस वर्षांचा, पण त्या बुटाशिवाय मला स्टेशनच्या गर्दीत उभेही राहता आले नसते. अण्णा सायकलवर गेले. दुकान बंद. परत आले आणि भावाला म्हणाले, ‘‘तू आईला घेऊन हो पुढं.’’ आई जायला तयार होईना. माझ्यामुळे चारही माणसे अडकली, हा विचार त्या दुपारी माझ्या डोक्यातून हटत नव्हता.

दिवेलागणीला म्हातारे दारात उभे. तोंडाला फडके बांधलेले, मागे रस्त्यावर त्यांची माणसे बोचकी घेऊन थांबलेली. तेही गावाला निघाले होते आणि वाट वाकडी करून आले होते. काखेत माझा बूट. ‘‘खळ ओली आहे, आज रात्री घालू नकोस,’’ असे गुजरातीत बजावले. अण्णा पैसे काढू लागले तर म्हणाले, ‘‘पाछा आवीने आपजो.’’ परत आल्यावर द्या. दोघांपैकी कोण परत येणार हे त्या संध्याकाळी कुणाला ठाऊक होते? बूट मी त्याच रात्री घातला, घालावाच लागला. सुरत स्टेशनवर सहा तास उभा होतो, मग मुंबईपर्यंत डब्याच्या दारात. हातकणंगल्याला उतरलो तेव्हा तळ एका बाजूने सुटला होता, पण पायाला कुठे ओरखडा नव्हता. गावात आठ दिवस आमच्या घरी कुणी आले नाही. आम्ही सुरतेहून आलो होतो ना! आता अंगणाबाहेर उभे राहून बोलण्याची पाळी शेजाऱ्यांची होती. आजी ते बघत होती. काही बोलली नाही. नोव्हेंबरात परतल्यावर अण्णांनी पैसे नेऊन दिले.

मी नोकरीसाठी बेळगावला आलो ते १९९६ साली. त्यानंतर बूट पार्सलने येत, मापाचा प्रश्न नव्हता, कळबूत तिकडेच होता. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीला पूर आला आणि सुरतेचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. दिवाळीच्या सुटीत मी गेलो. म्हातारे त्याआधीच वारले होते. मुलाने दुकानातला गाळ उपसून बरेच सामान फेकले होते, तरी माझा कळबूत ठेवला होता. चामड्याचे तुकडे कुजून सुटले होते. लाकूड आणि चुकांची भोके तेवढी उरली होती. मुलगा आता तयार बुटांचे दुकान काढणार होता. मी त्याला बोल लावू शकलो नाही.

आमचा एक माजी विद्यार्थी मनालीला बर्फावर घसरण्याचा, म्हणजे स्कीइंगचा, कोर्स करून आला. भाड्याच्या बुटांनी त्याच्या नडग्या सोलवटल्या होत्या. त्याच्यामुळे मी त्याविषयी वाचले. हे बूट पूर्वी चामड्याचे असत. १९६० च्या दशकात अमेरिकेत बॉब लँग यांनी प्लास्टिकचे आणले. प्लास्टिक पायाला वश होत नाही, म्हणून युरोप-अमेरिकेत ते पायाला बसवून देणारे खास कारागीर असतात. ते बुटाचे कवच तापवून नेमके हाडापुरते बाहेर फुगवतात, आतले अस्तर गरम करून गिऱ्हाइकाला त्यात उभे करतात. आणि हाड नेमके कुठे टेकते हे कळावे म्हणून पायावर चक्क लिपस्टिकचा ठिपका देतात. हे वाचले तेव्हा मी मोठ्याने हसलो. घरातले बघायला आले.

भारतात मूळ (वाइल्ड) पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. माझ्यासारखे पाऊल आता नव्याने सहसा कुणाच्या वाट्याला येणार नाही, हे उत्तमच. पण त्यामुळे असा बूट करणारेही उरले नाहीत. काही वर्षे मी तयार बुटात बुचाचे तुकडे घालून भागवले आणि गेल्या वर्षी करंगळीच्या मुळाशी तीच जुनी जखम पुन्हा झाली. तेव्हा कुणीतरी कॅम्पातल्या एका कारागिराकडे पाठवले. मूळचे अथणीचे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून, त्यांत आपला बेळगाव जिल्हाही आहे. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या प्रदर्शनात प्रादा कंपनीने तसल्याच चपला मिरवल्यावर जो गदारोळ झाला तो आठवत असेलच. त्यावर त्यांचे मत विचारले तर ते नुसते हसले आणि माझ्या हातातल्या पिशवीकडे बोट दाखवले.

मी कळबूत काढून दिला. त्यांनी तो उजेडाकडे धरून चुकांच्या भोकांवरून अंगठा फिरवला. एका बाजूला भोके दाट होती, तिथे अंगठा थांबला. ‘‘इथं चावत होतं,’’ ते म्हणाले. मी हो म्हणालो. मग त्यांनी तो बाजूला ठेवला. वीस वर्षांपूर्वीचा पाय हा, आता त्याचा उपयोग नाही, असे अर्ध्या मराठीत अर्ध्या कानडीत सांगितले. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. साडेसहा वाजत होते. पुरे झाले, पाय सुजला असेल, असे स्वतःशीच म्हणत त्यांनी जमिनीवर कागद पसरला, पेन्सिलीला टोक केले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘निल्री.’’

मी उभा राहिलो.